माउली हे नाव मुलाचे की मुलीचे?

परभणी जिल्ह्यात बारशाच्या घुगऱ्या अजून शिजतात. पाळण्याला फुलांच्या माळा बांधल्या जातात, आत्याला मान मिळतो आणि बाळाच्या कानात नाव सांगून झाले की जमलेल्या सुवासिनी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. विधी तोच आहे. बदलला आहे तो आदल्या आठवड्यातला घरातला संवाद. पूर्वी पंचांग उघडले जाई, वडीलधाऱ्यांना विचारले जाई, गेलेल्या आजोबांचे वा आजीचे नाव पुन्हा घरात आणावे की नाही यावर खल होई. आता हातातल्या मोबाइलवर नावांची यादी उघडते. हजारो नावांच्या त्या यादीला ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ या दोन दारांखेरीज तिसरेही एक दार असते, ‘युनिसेक्स’. मुलालाही चालेल आणि मुलीलाही चालेल असे नाव. शक्यतो इंग्रजी, आणि शक्यतो तालुक्यात दुसऱ्या कोणाचेही नसलेले.

या हौसेला हसण्याचे कारण नाही. आपल्या अपत्याचे नाव वेगळे असावे, ही इच्छा आई-बापांना आजच झालेली नाही. शिवाय पंचांगही कधीकधी अडवते. हस्त नक्षत्राच्या चरणांची अक्षरे पू, ष, ण आणि ठ. ‘ण’पासून नाव कोठून आणायचे? मग यादी उघडली जाते आणि समोर जे चमकदार येते ते उचलले जाते. प्रश्न हौसेचा नाही, तर उचललेल्या नावाच्या पोटात काय आहे हे कोणी पाहते का, याचा आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, मुलगा-मुलगी दोघांना शोभणारे नाव शोधायला मराठी घराला परदेशी यादीपर्यंत जावे लागते, ही समजूत आली कोठून?

उदाहरणादाखल या यादीतले एक नाव घेऊ. अ‍ॅव्हरी. मराठवाड्यात तरी दुर्मीळ, म्हणून आकर्षक. मूळ पाहिले तर हे ‘आल्फ्रेड’ या जुन्या इंग्रजी पुरुषनामाचे नॉर्मन तोंडी झालेले रूप आहे. ‘ऐल्फ’ म्हणजे त्यांच्या लोककथांतला यक्षासारखा अद्भुत जीव आणि ‘रेड’ म्हणजे सल्ला. थोडक्यात, यक्षाचा कानमंत्र लाभलेला. नाव पुढे आडनाव झाले, आडनावाचे पुन्हा नाव झाले, ते आधी मुलांना दिले गेले आणि अलीकडच्या काही दशकांत मुलींनाही. अर्थ वाईट नाही. पण परभणीच्या मोंढ्यात ज्यांनी आयुष्य काढले त्या आजोबांना ‘अ‍ॅव्हरी’ म्हटले की धान्याचा वजनकाटाच आठवेल. त्या नावाच्या कंपनीचे काटे विसाव्या शतकात देशभरच्या बाजारपेठांत वापरले गेले आहेत. शाळेच्या हजेरीपटावर या नावाचे ‘आवारी’ व्हायला फार दिवस लागणार नाहीत, आणि ‘आवारी’ हे तर अस्सल मराठी आडनाव आहे. यक्षाचा कानमंत्र अशा रीतीने वजनकाटा आणि आडनाव यांच्यामध्ये कोठेतरी हरवून जातो.

इंग्रजीतल्या बहुतेक उभयलिंगी नावांचा प्रवास असाच आहे. ‘अ‍ॅश्ली’ म्हणजे अ‍ॅश वृक्षांच्या रानातली मोकळी जागा. आधी गावाचे नाव, मग आडनाव, मग पुरुषनाम. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीतला अ‍ॅश्ली हा पुरुषच आहे. पण १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मुलींना ठेवल्या जाणाऱ्या नावांत अ‍ॅश्ली अग्रस्थानी होते, आणि त्यानंतर तेथील मुलांना ते ठेवण्यास पालक कचरू लागले. ‘ईव्हलिन’ची कथा थोडी गमतीची. इंग्रज कादंबरीकार ईव्हलिन वॉ यांची पहिली पत्नीही ईव्हलिनच होती आणि मित्रमंडळी त्यांना ‘तो ईव्हलिन’ आणि ‘ती ईव्हलिन’ असे संबोधत. आज ईव्हलिन म्हटले की स्त्रीच डोळ्यांसमोर येते.

या सर्वांत बोलके उदाहरण ‘शर्ली’चे आहे. शार्लट ब्राँटी या लेखिकेची ‘शर्ली’ ही कादंबरी १८४९ साली आली. तिची नायिका शर्ली हिच्या आई-वडिलांना मुलगा हवा होता. झाली मुलगी. म्हणून मुलासाठी योजिलेले कुलनाम त्यांनी मुलीला दिले. कादंबरी गाजली, नाव मुलींमध्ये रूढ झाले आणि पुरुषांतून जवळजवळ हद्दपार झाले. आज ज्याला मोठ्या कौतुकाने समानतेचे नाव म्हटले जाते, त्याच्या मुळाशी ‘मुलगा हवा होता’ ही खंत आहे. नावांच्या अभ्यासकांना या प्रवासाची दिशा चांगली परिचित आहे. पुरुषाचे नाव स्त्रीकडे जाते; स्त्रीचे नाव पुरुषाकडे क्वचितच येते. मुलीला मुलाचे नाव दिले तर तिला वरची पायरी मिळाली असे वाटते, आणि मुलाला मुलीचे नाव दिले तर त्याला कमीपणा आला असे वाटते. नाव दोघांचे, पण प्रतिष्ठा एकाचीच. हे उभयत्व एकमार्गी आहे.

याच्या शेजारी मराठीतले एक साधे, घरोघरचे नाव ठेवून पाहावे. किरण. क्रिकेटपटू किरण मोरे पुरुष, कादंबरीकार किरण नगरकर पुरुष, पोलीस अधिकारी म्हणून गाजलेल्या किरण बेदी स्त्री. महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्गात एक किरण मुलगा आणि एक किरण मुलगी सापडणे कठीण नाही, आणि त्यावरून कोणी कोणाला चिडवत नाही. ‘किरण’ शब्दाच्या मुळाशी ‘कॄ’ हा विखुरणे, पसरणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे. तेज विखुरतो तो किरण. आता योगायोग पाहा. आयर्लंडमध्ये ‘किअरन’ हे पुरुषाचे जुने नाव आहे, आणि कानाला ते जवळजवळ ‘किरण’सारखेच लागते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांना किरण हे नाव सोयीचे वाटते त्याचे एक कारण हेच की, तेथील शेजाऱ्यांना ते उच्चारता येते आणि ओळखीचेही वाटते. पण आयरिश ‘किअरन’ ज्या शब्दापासून आला तो शब्द ‘किआर’, म्हणजे काळोखा, सावळा. किअरन म्हणजे छोटा सावळा. एकच ध्वनी, एकीकडे प्रकाशाची शलाका, दुसरीकडे अंधाराची छटा. सध्या लोकप्रिय झालेल्या ‘कियारा’चेही असेच आहे. इटालियन मूळ धरले तर उजळ, आयरिश मूळ धरले तर काळसर. सावळेपणात वाईट काही नाही. पंढरपूरचा देव सावळाच आहे. सांगायचे एवढेच की, नाव म्हणजे नुसता आवाज नव्हे. आवाजाखाली कोणती भाषा उभी आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. भाषा काढून घेतली की उरते ती फक्त खुळखुळ्याची किणकिण.

किरणसारखी नावे मराठीत काही कमी नाहीत. शशी हा शशिकांतही असतो आणि शशिकलाही. शीतल आपल्याकडे बहुधा मुलगी, पण दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्या नावाने ते जैन समाजात पुरुषाचेही नाव होते. सुमन, कमल, मंगल, विमल ही मराठी घरांत आत्या-मावश्यांची नावे. उत्तरेत आणि बंगालमध्ये गेले की त्याच नावांचे काका-मामा भेटतात. फुलांची बरीचशी संस्कृत नामे नपुंसकलिंगी असल्यामुळे हे घडले असावे. ज्या शब्दाला स्वतःचे लिंग नव्हते, त्याला प्रत्येक प्रांताने आपापल्या रुचीने पुरुष वा स्त्री केले. विष्णु वामन शिरवाडकरांनी तर धाकट्या बहिणीच्या नावावरूनच आपले टोपणनाव घेतले. कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज. ज्ञानपीठाचा सन्मान लाभलेल्या कवीची ओळख बहिणीच्या नावाने व्हावी आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटू नये, हे या मातीतच शक्य होते. (परभणीचे बी. रघुनाथ यांनी मात्र उलटे केले. मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. त्यातला भगवान त्यांनी एका इंग्रजी अक्षरात आवरून घेतला.)

परंतु खरा ठेवा याहून जुना आहे आणि तो मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत आहे. जुन्या मराठी नावांची रचना लक्षात घेतली की हे स्पष्ट होते. नावाचा गाभा एक असे, आणि शेवटचा प्रत्यय तेवढा माणूस पुरुष की स्त्री हे सांगे. विठोबा आणि विठाबाई. गंगाराम आणि गंगाबाई. काशीराम आणि काशीबाई. तुळशीराम आणि तुळसाबाई. रखमाजी आणि रखमाबाई. मुक्ताजी आणि मुक्ताबाई. गाभा देवाचा, नदीचा, तुळशीचा. ‘बा’, ‘जी’, ‘राम’, ‘बाई’ हे त्यावरचे वस्त्र. या यादीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. रखमाजी म्हणजे रुक्मिणीचे नाव धारण करणारा पुरुष. मुक्ताजी म्हणजे मुक्ताईचे. माहूरच्या रेणुकेवरून रेणुकादास, अंबेवरून अंबादास, तुळजापूरच्या भवानीवरून तुळजाराम आणि भवानराव. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाच्या मतदार यादीवर नजर टाकावी. अंबादास आणि गंगाधर मोजता मोजता बोटे दमतील. शेतकरी, पैलवान, पाटील अशा रांगड्या पुरुषांनी देवीचे नाव मिरवले आणि त्यांना त्यात अभिमान वाटला. इंग्रजी नावांची वाट जेथे पुरुषाकडून स्त्रीकडे जाते, तेथे इकडे स्त्रीचे नाव पुरुषाच्या माथ्यावर चढते.

गंगेचे तर विचारूच नये. परभणी जिल्ह्याला गोदावरी म्हणजे गंगाच. तिच्या काठच्या पट्ट्याला गंगाथडी म्हणतात आणि काठावरचे गाव ते गंगाखेड. या परिसरात गंगुबाई, गोदाबाई, गंगाराम, गोदाजी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या घरांतून वाहत आली. वस्तुतः मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेली कन्या विवाहास वर्ज्य सांगितली आहे. समाजाने काय केले? रोहिणी, रेवती, अश्विनी, तुळसा, गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी ही नावे आवर्जून ठेवली आणि त्या मुली सुखाने नांदवल्या. त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारास सोपे, कठोर नसलेले, अर्थ स्पष्ट असलेले आणि आशीर्वादासारखे असावे, असे सांगितले आहे. ते मात्र समाजाने मानले. शास्त्रातले घेण्यासारखे घ्यायचे आणि बाकीचे गोदेच्या पात्रात सोडून द्यायचे, हा विवेक परंपरेतच होता. आज नावांची यादी हाती घेणाऱ्या तरुण जोडप्याला तो दाखवून देणारे कोणी घरात उरलेले नाही, एवढेच.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ.

नामदेवरायांचे नरसी हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नरसी तिकडे गेले. नामदेवांच्या चार पुत्रांची नावे नारा, विठा, गोंदा, महादा. यांतला ‘विठा’ पाहावा. पुत्राचे नाव विठा, आणि पुढे शेकडो वर्षे लेकींचे नाव विठा. तमाशाचा फड गाजवणाऱ्या नारायणगावकरांचेही नाव विठाबाईच होते. मूळ विठ्ठल हा पुरुषदेव. पण संतांनी त्याला बापाच्या जागी ठेवले तसे आईच्याही जागी ठेवले आणि तो विठाई झाला, विठाबाई झाला. गंगाखेडच्या जनाबाईने तर त्याला दळणकांडणाला आपल्यासोबत बसवले. ती देवाशी बोलते ते एखाद्या सखीशी बोलावे तसे. कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाला स्त्रीचे नाव दिल्याने त्याच्या देवपणाला उणेपणा येतो, असे या परंपरेत कोणाच्या मनातही आले नाही. राज्याच्या एसटीने पंढरीच्या वाटेवरच्या गाड्यांना ‘विठाई’ हे नाव दिले, तेव्हा हा पुरुषदेव स्त्रीलिंगी नावाने का धावतो, असे एकाही प्रवाशाने वाहकाला विचारले नसेल.

आणि ज्ञानेश्वर? १२७५ ते १२९६ असे अवघे एकवीस वर्षांचे आयुष्य. लग्न नाही, संसार नाही. या तरुणाला महाराष्ट्राने कोणते नाव द्यावे? माउली. गुरू, स्वामी, महाराज ही सर्व बिरुदे उपलब्ध होती. त्या सर्वांच्या वर जे ठेवले ते आईचे नाव. व्याकरणालाही त्यापुढे वाकावे लागले. आळंदीहून पालखीचे प्रस्थान होते तेव्हा ‘माउली निघाले’ असेही म्हणतात आणि ‘माउली निघाली’ असेही म्हणतात, आणि दोन्ही कानाला शुद्धच वाटते. मराठी क्रियापद एरवी किती काटेकोर आहे! नाव कितीही झाकले तरी ‘आला’ की ‘आली’ हे ते विचारल्याशिवाय राहत नाही. ‘किरण’ या नावावरून काही कळले नाही तरी पुढच्याच शब्दाला उलगडा होतो. इंग्रजीत क्रियापद मौन पाळते म्हणून तिकडे नावाला झाकण्याचे काम करता येते. मराठीत ते काम नावाला जमणारच नाही. माउली हा अपवाद आहे, आणि तो अपवाद भाषेने कोणाच्या सक्तीने केलेला नाही.

हेच नाव मराठवाड्यात आज मुलांना ठेवले जाते. घरात ज्ञानेश्वर असेल तर त्याला हाक ‘माउली’ अशीच जाते. काहींच्या तर शाळेच्या दाखल्यावरही तेच नाव असते. आषाढीसाठी निघालेली शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या मार्गाने पुढे जाते. त्या वाटेवर उभे राहून ऐकावे. वाट मागणारा म्हणतो माउली, पाणी देणारी म्हणते माउली. म्हाताऱ्याला म्हणतात माउली, शाळकरी मुलीला म्हणतात माउली. जात, वय, लिंग यांपैकी काहीही न विचारता देता येणारे एक नाव सातशे वर्षांपासून या रस्त्यावर रुळलेले असताना ‘युनिसेक्स’ या शब्दाची नवलाई वाटावी, याला काय म्हणावे!

मात्र येथेच थांबले तर ती आत्मवंचना ठरेल. नावांच्या याच मराठी दप्तरात दुसरीही पाने आहेत आणि ती वाचताना मान खाली जाते. मुले जगत नसत त्या काळी बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हिणकस नाव ठेवीत. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू. मृत्यूनेही पाहून तोंड फिरवावे असे नाव. ही नावे मुलांना होती तशी मुलींनाही होती. धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई, भिकाबाई. तेथे नावाच्या मागे भीती होती, पण तिरस्कार नव्हता. जिवापाड जपायच्या लेकराचे ते चिलखत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे यांचे नावही धोंडोच होते. परंतु केवळ मुलींसाठी म्हणून एक नाव निराळे निघाले आणि ते चिलखत नव्हते. नकोशी. नकुसा. दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की तिला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढे तरी मुलगा होईल अशी समजूत. त्या मुलीने शाळेत हजेरीच्या वेळी रोज स्वतःच्या तोंडाने ‘हजर’ म्हणायचे, तेही त्या नावाला. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावे प्रशासनाने समारंभपूर्वक बदलली. त्या मुलींनी स्वतःला हवी ती नावे घेतली. परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. ज्यांना नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली गेली नाही, त्यांची गणती या आकड्यात शोधावी लागते.

शर्लीच्या आई-बापांना जे वाटले तेच नकुसाच्या आई-बापांना वाटले. एकीला मुलाचे नाव मिळाले, दुसरीला नावाऐवजी शेरा मिळाला. देवाला विठाई आणि संताला माउली म्हणणाऱ्या समाजाने पोटच्या लेकीला नकोशी म्हणावे, ही विसंगती परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा मोठ्याने सांगितली पाहिजे. गंगाखेडच्या जनाबाईला ती ठाऊक होती. स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही, असे तिने आपल्या अभंगात म्हटले आहे. ज्या काळी बायांना असे खिन्न होण्याची सवयच लावली गेली होती, त्या काळी हे बोलणारी ती दासी होती. तिच्या गावात तिचे मंदिर आहे. तिचे नाव मात्र नव्या बारशांत ऐकू येत नाही. जनी, जनाबाई हे म्हणे जुने झाले. ‘जन’ म्हणजे लोक, सामान्यजन. जनार्दनालाही घरी जनू, जनोबा म्हणत आले. हेही नाव दोघांचे. अर्थ विचाराल तर अ‍ॅव्हरीहून कितीतरी जवळचा.

काही सुशिक्षित पालक युनिसेक्स नावाचे समर्थन वेगळ्या कारणाने करतात आणि त्या कारणाचा आदर केला पाहिजे. अर्जावरच्या नावावरून मुलगी आहे हे कळू नये, म्हणजे नोकरीसाठी निवड करताना कोणी डावे-उजवे करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. भीती खोटी नाही. पण मुलाखतीच्या दारापर्यंतच ज्याचा उपयोग आहे अशी छत्री जन्मभराच्या नावाची करायची का? आणि मुलीने स्वतःची ओळख झाकावी, हा उपाय निवड करणाऱ्याच्या डोक्यातल्या दोषावर कसा लागू पडणार? उलट दिशेने एक पाऊल महाराष्ट्राने टाकले आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांवर आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. म्हणजे परभणीतल्या नव्या पिढीच्या प्रत्येक मुलाच्या, मग तो कितीही रांगडा पुरुष होवो, नावात एक स्त्री कायमची आली. रखमाजी आणि रेणुकादास यांच्या कुळाला हे शोभण्यासारखेच झाले. युनिसेक्स नावाच्या शोधात असलेल्यांनी या तरतुदीकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

आता घाईबद्दल. रुग्णालयातून घरी येण्याआधीच नाव ठरले पाहिजे आणि नोंदले गेले पाहिजे, अशी अनेकांची समजूत असते. यादीतले पहिले चमकदार नाव उचलण्यामागे ही घाईच पुष्कळदा असते. वास्तविक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत कळवायचा असतो तो जन्म. नाव ठरलेले नसले तरी नोंद होते आणि नावाचा रकाना कोरा राहू शकतो. पुढे बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. पंधरा वर्षे कोणी थांबू नये हे खरे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे, आणि एकदा लिहिलेले नाव बदलणे हा तापदायक उद्योग असतो. पण बारा महिने थोडे नव्हेत. तेवढ्या अवधीत माहेरच्या आजीला विचारून होते, सासरच्या आजीला विचारून होते, घराण्यातल्या कोणत्या पणजीचे नाव गोदा होते आणि कोणता पणजोबा रखमाजी होता, हेही कळते. यादी तोवर मोबाइलमध्ये राहीलच.